‘पेन’चे ‘चमद’

कृतिदेव हा हिंदी फाँट ज्याने कधी वापरला असेल, त्याला एक गोष्ट ठाऊक असते. इंग्रजी कळफलकावरची जे, के आणि ई ही तीन अक्षरे एकापाठोपाठ दाबली की पडद्यावर ‘राम’ उमटतो. संगणकाला मात्र राम ठाऊक नसतो. त्याच्या लेखी ती तीन रोमन अक्षरेच असतात, वरून देवनागरीचे मुखवटे चढवलेली. आता याच मजकुरात कोणी ‘पेन’ हा शब्द रोमन लिपीत टाकला, आणि पुढे कधीतरी सगळा मजकूर निवडून त्यावर सरसकट कृतिदेव लावला गेला, तर त्या पेनचे ‘चमद’ होते. पी म्हणजे च, ई म्हणजे म, एन म्हणजे द.

‘चमद’ कुठल्या शब्दकोशात सापडणार नाही, पण जुन्या फायली युनिकोडमध्ये आणायला बसलेल्या माणसाला असे शब्द पानोपानी भेटतात. पुण्याहून आलेल्या मराठी फाँटांत अक्षरांची वाटणी निराळी असल्यामुळे तिथे पेनचे आणखी काही होते, एवढाच फरक. हा अपघात टाळण्याचे साधन पानांची मांडणी करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येच होते, थोडे उशिरा आलेले. त्याचे नाव कॅरेक्टर स्टाइल. मराठी मजकूर जुळवणाऱ्या फार थोड्यांनी ते वापरले. का वापरले नाही, याला इतिहास आहे आणि तो संगणकाहून बराच जुना आहे.

आधी स्टाइल म्हणजे काय ते पाहू. पुस्तकात तीस प्रकरणे आहेत आणि प्रत्येकाचे शीर्षक मोठ्या, ठळक टाइपात मध्यभागी हवे आहे. एक वाट अशी, की तीसही ठिकाणी जाऊन हाताने टाइप बदलायचा, आकार बदलायचा, वर-खाली जागा सोडायची. दुसरी वाट अशी, की या सगळ्या सूचनांचे एक गाठोडे बांधायचे, त्याला ‘प्रकरण-शीर्षक’ असे नाव द्यायचे, आणि तीस ओळींना फक्त ते नाव द्यायचे. उद्या शीर्षके डावीकडे घ्यावीशी वाटली तर गाठोड्यात एक बदल केला की तीसही शीर्षके सरकतात. ही झाली पॅराग्राफ स्टाइल. टाइप, आकार, ओळींमधले अंतर, पहिल्या ओळीची खोच, परिच्छेदाच्या मागेपुढे सोडायची जागा, शीर्षक पानाच्या तळाशी एकटे पडू नये ही ताकीद, मजकुराची भाषा कोणती ही नोंद, असे सगळे तिच्यात राहते. एका स्टाइलवरून दुसरी बेतता येते; मग आईत केलेला बदल लेकीतही उतरतो.

कॅरेक्टर स्टाइल परिच्छेदातल्या काही अक्षरांपुरती असते: एखादी संज्ञा, ग्रंथाचे नाव, परभाषेतला शब्द. ती जितकी कमी बोलेल तितकी चांगली. ‘ग्रंथनाम’ या स्टाइलमध्ये ‘अक्षर ठळक’ एवढेच लिहिले असेल, तर बाकीचे सगळे ती भोवतालच्या परिच्छेदाकडून घेते, आणि तेच नाव मुख्य मजकुरातही नीट बसते, तळटीपेतही. ज्यांना हे कळत नाही ते तिच्यात आकारही नोंदवून ठेवतात. मग तळटीपेच्या बारीक ओळीत ते ग्रंथनाम उंटासारखी मान वर काढून उभे राहते.

नाव कसे द्यायचे, याला मी फार महत्त्व देतो. ‘तांबडे-ठळक’ हे स्टाइलचे नाव वाईट, ‘प्रश्नकर्ता’ हे चांगले. मुलाखत उद्या एका रंगात छापायची ठरली तर ‘तांबडे-ठळक’ नावाची काळी अक्षरे पानावर उरतील, आणि ती कशासाठी तशी केली होती हे कोणालाच आठवणार नाही. चांगली स्टाइल अक्षर कसे दिसते हे दुय्यम मानते. ते तिथे कोण म्हणून आले आहे, हे आधी सांगते.

ही दृष्टी नवी नाही. आपल्या पोथ्यांमध्ये ती आहे. मूळ ग्रंथ आणि त्यावरची टीका एकाच पानावर लिहायची असेल, तर मूळ मजकूर पानाच्या मधल्या पट्ट्यात मोठ्या अक्षरात आणि टीका वर-खाली बारीक अक्षरात, अशी ‘त्रिपाठ’ पद्धत होती. दोन्ही बाजूंच्या समासांतही टीका उतरली की तो ‘पंचपाठ’. पोथी हातात घेणाऱ्याला एक शब्दही न वाचता कळे, की मूळ कोणते आणि भाष्य कोणते. या पॅराग्राफ स्टाइलच होत्या. ओळीच्या आतली खूण निराळी असे. ‘उवाच’, अध्यायाची समाप्ती, श्लोकाचा आकडा हे हिंगुळाच्या तांबड्या शाईने लिहीत, नाहीतर काळ्या अक्षरांवरून गेरूचा हात फिरवीत. आणि चूक झाली की पिवळ्या हरताळाचा लेप देऊन ती झाकत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार आपण आज बेत आणि वचने मोडण्यासाठी वापरतो, पण मुळात ते लेखनिकाचे खोडरबर होते.

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाची सुरुवातच ‘लेखनक्रियानिरूपण’ या समासाने केली आहे. अध्यात्माच्या ग्रंथात हस्ताक्षराचे धडे पाहून काहींना नवल वाटते. मला मात्र तो दासबोधातला अत्यंत व्यवहारी आणि सुंदर भाग वाटतो. ओळ सरळ हवी, अक्षरांतली अंतरे सारखी हवीत, ग्रंथातले पहिले अक्षर जसे काढले तसेच शेवटपर्यंत दिसावे, जणू सगळा ग्रंथ एकाच टाकाने एका बैठकीत लिहिला. पानाच्या चारी बाजूंना जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर झडणार नाही. समास हा डोळ्यांना बरा दिसावा म्हणून नाही, कागदाचे मरण लांबवावे म्हणून. मांडणीचा नियम आणि त्यामागचे कारण एकत्र सांगणारी माणसे कोणत्याही काळात विरळाच.

छापखाना आल्यावर ही शिस्त दोन जागी वाटली गेली: खिळ्यांच्या खणांत आणि जुळाऱ्याच्या डोक्यात. मुंबईच्या अमेरिकन मिशन प्रेसमध्ये टॉमस ग्रॅहमच्या हाताखाली तयार झालेल्या जावजी दादाजींनी १८६४ मध्ये स्वतःची टाइप फौंड्री घातली आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. राणूजी रावजी आरू यांनी तिथे कोरलेल्या पंचांमधून उतरलेल्या अक्षरांची ख्याती देशभर गेली. संस्कृत ग्रंथ छापावेत तर निर्णयसागरने, असे पुढे म्हटले जाई. पण टाइप देवनागरीचा. मूळ अक्षरे, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, मात्रा, रफार, सगळे मिळून एका आकारालाच शेकडो खिळे लागत. लोकमान्य टिळकांनी खिळ्यांची संख्या कमी करण्याची खटपट केली ती याचसाठी. बापूराव नाईकांनी १९७१ मध्ये देवनागरीच्या मुद्राक्षरकलेवर तीन खंडांचा इंग्रजी ग्रंथ लिहिला. हा संसार केवढा मोठा होता, ते तो चाळताना कळते.

त्यामुळे सामान्य मराठी छापखान्यात आकार मोजकेच असत. एक पायका, एक ग्रेट, फार तर शीर्षकांसाठी आणखी एक, आणि थोडा काळा टाइप. नवा आकार घ्यायचा म्हणजे खणांची नवी केस आणि शिशाचा नवा खर्च. जुन्या मराठी पुस्तकांच्या पानांना जे एक घरंदाज वळण दिसते, त्याचे श्रेय आपण अभिरुचीला देतो. निम्मे तरी श्रेय या टंचाईला द्यायला हवे. श्लोकाला एक, गद्याला एक, टीपेला एक. दुसरे काही करायला खिळेच नव्हते.

तिरप्या अक्षरांचा प्रश्न यात निराळा. रोमनमध्ये ग्रंथनामासाठी, परभाषेतल्या शब्दासाठी, जोर देण्यासाठी इटॅलिक वापरण्याची रूढी आहे. देवनागरीच्या परंपरेत असे तिरपे जोडभावंड नव्हते. म्हणून मराठी छपाईत ते सगळे ओझे अवतरणचिन्हांनी आणि काळ्या टाइपाने वाहिले. आज संगणक एका कळीसरशी कोणतेही देवनागरी अक्षर तिरपे करून देतो. ते अक्षर कोणी रेखलेले नसते. उभ्या अक्षराला ढकलून वाकवलेले असते. स्टाइलला ‘इटॅलिक’ ऐवजी ‘ग्रंथनाम’ असे नाव दिले, तर त्यासाठी तिरपेपण हवेच का, हा प्रश्न निदान विचारला जातो.

संपादक हस्तलिखितावर पेन्सिलीने खुणा करी. शब्दाखाली नागमोडी रेघ म्हणजे काळा टाइप. समासात ‘श्लोक’, ‘टीप’, ‘उतारा’. आणि पुष्कळदा एकच शब्द, ‘नेहमीप्रमाणे’. त्या एका शब्दात त्या छापखान्याची सगळी स्टाइल-शीट होती. उतारा म्हटले की दोन्ही बाजूंनी किती आत घ्यायचे, हे जुळाऱ्याला पुन्हा सांगावे लागत नसे. पण ती शीट कागदावर नव्हती. जुळारी निवृत्त झाला की ती त्याच्याबरोबर घरी जाई.

संगणकाच्या जगात ही गोष्ट लिहून ठेवण्याचा विचार १९६९ च्या सुमारास आयबीएममध्ये झाला. चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लॉरी यांनी मजकुराच्या तुकड्यांना ‘शीर्षक’, ‘परिच्छेद’, ‘यादी’ अशा खुणा घालण्याची एक पद्धत बसवली. दिसण्याच्या सूचना मजकुरात नाहीतच. त्या वेगळ्या जागी. तिच्या वारशातून १९८६ मध्ये एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय मानक झाले, आणि पुढे वेबपानांची भाषाही त्याच घराण्यातली. कार्नेगी मेलन विद्यापीठात ब्रायन रीड यांनी केलेल्या ‘स्क्राइब’मध्येही हाच विवेक होता.

पण डेस्कटॉप पब्लिशिंग लोकप्रिय झाले ते या विवेकामुळे नव्हे. १९८५ मध्ये आल्डस कंपनीचा पेजमेकर आला, त्याच वर्षी अ‍ॅपलचा लेसर प्रिंटर, आणि दोघांना जोडणारी अडोबीची पोस्टस्क्रिप्ट. पडद्यावर जे दिसते तेच कागदावर उतरते, ही त्याची जादू होती, आणि जादू दिसण्याचीच होती. पुढच्याच वर्षी आलेल्या व्हेंचुरा पब्लिशरने प्रत्येक परिच्छेदाला नावाची चिठ्ठी लावायला शिकवले. पेजमेकरमध्ये परिच्छेदांच्या स्टाइल १९८८ च्या तिसऱ्या आवृत्तीत आल्या. कॅरेक्टर स्टाइल मात्र त्यात शेवटपर्यंत आली नाही. क्वार्क एक्स्प्रेसला ती १९९७ मध्ये चौथ्या आवृत्तीत मिळाली, आणि १९९९ मध्ये आलेल्या इनडिझाइनमध्ये ती पहिल्यापासून होती. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. भारतातल्या गल्लीबोळांतल्या डीटीपी केंद्रांनी त्यानंतरही कितीतरी वर्षे तोच वापरला.

इंग्रजीत छापणाऱ्याला ही उणीव फारशी बोचली नसेल. एखादा शब्द तिरपा करायचा राहिला तर शब्द वाचता येतोच. मराठीत तसे नव्हते, आणि ते का नव्हते हे समजायला कानपूर-पुण्याकडे वळावे लागते.

कानपूरच्या आयआयटीत १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात भारतीय लिप्यांसाठी ‘जिस्ट’ हे तंत्रज्ञान आकाराला आले आणि १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर ते तिथे वाढले. त्यामागचा विचार फार उंचीचा होता. अक्षराचा आकार साठवायचा नाही, उच्चार साठवायचा. आकार पडद्यावर दाखवताना बनवायचा. १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून मान्य झालेल्या ‘इस्की’ या संकेतप्रणालीत ‘क’ला एकच अंक होता. तो देवनागरीत दाखवायचा, गुजरातीत की बंगालीत, हे मजकुरात एक छोटी खूण घालून सांगायचे. म्हणजे लिपी हासुद्धा अक्षरांना चढवायचा एक गुणधर्म. कॅरेक्टर स्टाइलची कल्पना याहून पुढे कोणी नेली असेल असे मला वाटत नाही.

पण छपाईसाठी मजकूर पेजमेकरमध्ये न्यावा लागे, आणि पेजमेकरला उच्चार कळत नसत. त्याला रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले आकार हवे असत. म्हणून असे फाँट तयार झाले: सी-डॅकचे सुरेख, योगेश, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचे श्री-लिपी मालिकेतले कितीतरी, हिंदी पट्ट्यात कृतिदेव आणि चाणक्य. प्रत्येक घराण्याची वाटणी वेगळी. एकाच्या मजकुराला दुसऱ्याचा फाँट लावला की कचरा. अशा मजकुरात फाँट हा अक्षराचा पेहराव उरला नाही; तोच अक्षराचा अर्थ झाला. ही तीन अक्षरे ‘राम’ आहेत की जे-के-ई आहेत, हे सांगणारी एकमेव साक्ष म्हणजे त्यांना लावलेला फाँट. अर्थ दिसण्यापासून वेगळा ठेवायचा, या वीस वर्षांच्या धडपडीच्या नेमके उलटे आपल्या भाषांत घडले.

आणि ती साक्ष हाताने लावलेली. ऑपरेटरला पानामागे पैसे. मराठी वाक्यात इंग्रजी शब्द आला की तो निवडून त्याचा फाँट बदलायचा, पुढे निघायचे. शेवटच्या प्रुफाच्या वेळी लेखक म्हणतो, “टाइप जरा दुसरा लावून पाहू.” सगळे निवडून दुसरा फाँट लावला की पानभर पसरलेले इंग्रजी शब्द, सूत्रे, संकेतस्थळांचे पत्ते एका क्षणात बाद. क्वार्कमध्ये किंवा इनडिझाइनमध्ये ‘इंग्रजी’ नावाची कॅरेक्टर स्टाइल लावलेली असती, तर परिच्छेदाची स्टाइल बदलल्यावरही ते शब्द आपल्या जागी शाबूत राहिले असते. जुळाऱ्याच्या ‘नेहमीप्रमाणे’मधली स्मृती इथे कुठेच नव्हती. त्याची जागा तरुण, चपळ, गरजू मुलामुलींनी घेतली होती आणि त्यांना स्टाइल शिकवायला कोणाला वेळ नव्हता.

भिलाईसारख्या ठिकाणी याला आणखी एक पदर आहे. छत्तीसगढात मराठी माणूस इस्पात कारखान्याबरोबर आला, असा समज दिसतो; तो अपुरा आहे. अठराव्या शतकात हा मुलुख नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आला. १९०० मध्ये पेंड्र्याहून निघालेले ‘छत्तीसगढ मित्र’ हे इथले आद्य हिंदी मासिक. त्याचे संपादक माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर, प्रकाशक वामन बळीराम लाखे. तिन्ही नावे मराठी आहेत. मासिक आधी रायपूरला आणि नंतर नागपूरच्या छापखान्यात छापले जाई. याच सप्र्यांनी पुढे दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेले. म्हणजे समर्थांचा तो लेखनाचा समास हिंदी वाचकाला छत्तीसगढात घडलेल्या एका मराठी माणसाने वाचायला दिला. भिलाईच्या कारखान्याचा सोव्हिएत संघाशी करार १९५५ च्या फेब्रुवारीत झाला, तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या राज्यात होता त्याची राजधानी नागपूर होती आणि हिंदी-मराठी या दोन्ही त्या राज्याच्या राजभाषा होत्या. पावणेदोनच वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ ला, राजधानी भोपाळला गेली. विदर्भातून कामासाठी आलेल्या कुटुंबांची मराठी तेव्हापासून घरात, गणेशोत्सवात आणि स्मरणिकांत राहिली.

त्या स्मरणिका हिंदीच्या डीटीपी केंद्रांत जुळल्या. हथखोजच्या अवजड औद्योगिक क्षेत्रात, जिथे लोखंडाची कामे करणारे कारखाने आहेत, तिथल्या माणसाला स्टाइल समजावताना ‘साचा’ हा शब्द पटकन सुचतो. साच्यातून ओतलेले सगळे नग सारखे निघतात, तसेच हे. उपमा बरी आहे, पण निम्म्या वाटेवर सोडून जाते. साचा बदलला तर पुढचे नग बदलतात. गिऱ्हाइकाकडे गेलेले नग परत येऊन आपला आकार बदलत नाहीत. जावजींच्या फौंड्रीतही तसेच होते: पोलादी पंच, त्यावरून तांब्याची मातृका, तिच्यात ओतलेला शिशाचा खिळा, आणि खिळा एकदा निघाला की निघाला. स्टाइल मात्र ओतून झालेल्या नगालाही मागे जाऊन बदलते. कारण नग तिच्यापासून तुटलेला नसतो. नावाच्या धाग्याने तो बांधलेला राहतो. धागा हाताने तोडला, म्हणजे स्टाइल लावलेल्या मजकुरावर वरून वेगळा टाइप चढवला, की इनडिझाइन स्टाइलच्या नावापुढे अधिकचे एक छोटे चिन्ह दाखवते. कसलेल्या मांडणीकाराला ते चिन्ह भाकरीतल्या खड्यासारखे लागते.

हिंदी फाँटात मराठी बसवताना जे गेले ते थोडे-थोडे गेले. ‘दुसऱ्या’, ‘कऱ्हाड’, ‘वाऱ्यावर’ यांतला पापणीसारखा अर्धा र हिंदीला लागत नाही. त्याच्याऐवजी रफार देऊन भागवले गेले, आणि मराठी वाचणारी मुले तसेच वाचायला शिकली. ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे आले. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ठरवून दिले, पण तो निर्णय दुर्गच्या टेबलापर्यंत येण्याचे काही कारण नव्हते.

युनिकोडने पहिला, मोठा प्रश्न सोडवला. १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती आणि तिची रचना इस्कीवरून घेतलेली होती. विंडोज २००० बरोबर र. कृ. जोशी यांनी रेखलेला मंगल फाँट घरोघरी आला. ‘राम’ आता र, आ आणि म असाच साठवला जाऊ लागला. रोमन अक्षरांचे मुखवटे गळाले. तरी छपाईतले लोक जुन्या फाँटांना चिकटून राहिले, आणि त्यात त्यांचा आळस फारसा नव्हता. पेजमेकरला युनिकोड देवनागरी कधीच जमली नाही, आणि इनडिझाइनमध्येही भारतीय लिप्या सरळ वापरता येऊ लागल्या त्या २०१२ च्या सीएस ६ आवृत्तीपासून. लिहिणारा युनिकोडमध्ये, छापणारा जुन्या फाँटात, असा काळ दशकाहून अधिक चालला.

पण युनिकोड लिपी नोंदवते, भाषा नोंदवत नाही. हिंदी ‘ल’ आणि मराठी ‘ल’ यांचा अंक एकच. काही आधुनिक देवनागरी फाँटांत दोन्ही आकार ठेवलेले असतात, आणि मजकुराची भाषा मराठी असल्याचे कळले की ते आपोआप मराठी ‘ल’ देतात. कळणार कसे? ते स्टाइलमध्ये लिहिलेले असेल तरच. हिंदी लेखात आलेल्या मराठी उताऱ्याला ‘मराठी-उतारा’ ही पॅराग्राफ स्टाइल, ओळीत आलेल्या मराठी शब्दाला ‘मराठी-शब्द’ ही कॅरेक्टर स्टाइल, आणि दोन्हींत भाषेच्या रकान्यात मराठी. रोमन शब्दांसाठी तर हातानेही काही करावे लागत नाही; परिच्छेदाच्या स्टाइलमध्येच नियम घालता येतो, की रोमन अक्षरांची सलग ओळ दिसली की तिला ‘इंग्रजी’ ही स्टाइल लाव. हे करायला एका पुस्तकामागे तासभर जातो. अनेक भाषांच्या नियतकालिकात काम करणाऱ्या माझ्या मित्रांना मी हे सांगतो तेव्हा ते मान डोलावतात आणि पुन्हा हाताने फाँट बदलू लागतात.

जुन्या फायली उघडताना दोन प्रकारची घरे दिसतात. १९९८ मधली एक स्मरणिका मी उघडली होती, मंडळाचे नाव सांगत नाही. तीत प्रत्येक परिच्छेद ‘स्टाइल नाही’ या नावाखाली होता आणि फाँट चार जातींचे. रूपांतराचे सॉफ्टवेअर चारही जातींना एकच समजून चालले. एका वृद्ध बाईंच्या आठवणींचा लेख होता त्यात. भिलाईत पहिली भट्टी पेटली त्या १९५९ सालच्या दिवसांबद्दल. जिथे त्यांनी रशियन अभियंत्यांची नावे रोमन लिपीत लिहिली होती तिथे आता देवनागरीतले अर्थहीन गोळे होते. छापील प्रत कोणाकडे सापडली नाही. नावे गेली. त्याच सुमाराची, क्वार्कमध्ये केलेली दुसरी एक फाइल होती. कोणा नीटनेटक्या माणसाने तीत परभाषेतल्या शब्दांना एक कॅरेक्टर स्टाइल दिली होती. तिचे नाव होते नुसते ‘इंग’. रूपांतर करताना ‘इंग’ वगळून बाकीचे बदला, एवढे सांगावे लागले. अडीचशे पाने दुपारच्या जेवणाआधी झाली.

सध्या मी ज्या अंकाची पाने लावतो त्यात एक कविता छत्तीसगढीत आहे, तिचा हिंदी अनुवाद आहे आणि त्यावरचे टिपण मराठीत. तिन्ही देवनागरीत. कागदावर तिन्ही एकाच टाइपात छापले जाणार, कारण खर्च तेवढाच आहे आणि टाइप चांगला आहे. २००७ मध्ये छत्तीसगढीला राज्याच्या राजभाषेचा दर्जा मिळाला, तरी सॉफ्टवेअरच्या भाषांच्या यादीत मराठी आहे, हिंदी आहे, छत्तीसगढी नाही. त्या रकान्यात काय भरावे हे मला सुचले नाही, म्हणून तो मोकळा ठेवला. पण स्टाइलचे नाव आपले आपण देता येते. मी ‘छत्तीसगढी-कविता’ असे नाव दिले. आकार, टाइप, ओळींचे अंतर सगळे हिंदी अनुवादासारखेच. मराठी टिपणात त्या कवितेतले जे सात शब्द आले आहेत, त्यांना ‘छत्तीसगढी-शब्द’ ही कॅरेक्टर स्टाइल लावली, जिच्यात कोणताही बदल नोंदवलेला नाही.